चढावरचा पाइप

चाचा, काल आमच्या गच्चीवरच्या सोलर हीटरचं पाणी न्हाणीत उतरेना. टाकी भरलेली, पाणी कढत, आणि खाली नळ नुसता फुसफुसत होता. दुरुस्तीवाला आला, वर गेला, टाकीवरच्या उभ्या नळीचं तोंड त्याने मोकळं केलं आणि अडकलेली हवा खोकत खोकत बाहेर पडली. मग पाणी आलं. ही नळी हवेसाठीच असते, ती बंद करू नका, असं तो बजावून गेला. तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही.

बीटी कापसाचं आमचं ते दुसरं वर्ष. त्या उन्हाळ्यात विहिरीपासून खालच्या वावरापर्यंत जमिनीखालून पाइपलाइन तुम्ही टाकलीत, गावाचे मिस्त्री तुम्हीच. मधे बरडाचा चढ होता, तिथे कमरेइतका पाइप उभा केलात. मी बारावीची परीक्षा देऊन घरी बसलेली, प्रश्न विचारून तुमचं डोकं खात होते. "हवेले रस्ता द्या लागते बेटी, नाही तं ते पान्याचा रस्ता अडवते," तुम्ही म्हणालात. गावात पोरींना असं कोणी समजावून सांगत नसे. उरलेल्या सामानातली एक डमी, म्हणजे पाइपाचं तोंड बंद करायची आट्यांची टोपी, मी हौसेने मागितली आणि तुम्ही हसून दिलीत.

दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली आणि पावसाळाभर बंद असलेली मोटरही. मोटर लावली की तो पाइप गुळण्या टाकायचा आणि भोवतालच्या फुटलेल्या बोंडांवर पाणी उडायचं. ओला कापूस पिवळा पडतो. वेचणाऱ्या बायांवर देखरेख माझी, तेव्हा बोलणीही मीच खाणार. एका दुपारी मी तो पाइप फिरवून काढला, घरामागच्या पऱ्हाट्यांच्या, वाळल्या कपाशीच्या काड्यांच्या, गंजीत खुपसला आणि त्या जागी तुम्ही दिलेली डमी बसवली. वर माती लोटली. फार शहाणी समजत होते मी स्वतःला.

आठ दिवसांत खालच्या वावरात पाण्याची धार करंगळीएवढी झाली. कपाशीवर लाल्या आला, पानं लाल होऊन गळायला लागली. बाबा नेहमी मोटरपाशी, चढाकडे ते फिरकत नसत. त्यांनी तुम्हाला बोलावलं ते तोंड सोडूनच. तुम्ही चढावर उकरलंत, डमी पाहिलीत आणि थबकलात. इथे मी पाइप उभा केला होता, म्हणालात. बाबा म्हणाले, डमी तुमची, हात तुमचा, आमच्या घरात आटे कोणाला कळतात? तुम्ही माझ्याकडे वळलात.

"बेटी, तू तं इथंच वेचणीवर राह्यते. तुले आठवते काय, पाइप व्हता ना?"

"ध्यानात नाही, चाचा."

तुम्ही बराच वेळ ती डमी हातात फिरवत राहिलात. "असन बा. मीच विसरलो असन," एवढंच म्हणालात. जवळचा नवा पाइप बसवलात आणि चहाही न घेता निघालात. पाणी सुटलं, पण निम्मं वावर हातचं गेलंच होतं. मिस्त्री आता विसरतो, हे गावभर झालं. पुढच्या उन्हाळ्यात लोकांनी खामगावहून माणसं आणली. तुम्ही मुलाच्या पंक्चरच्या दुकानात बसायला लागलात. दाराला कडी घातली की नाही हे अब्बा तीनतीनदा उठून पाहतात, असं तुमची सून सांगायची. ते ऐकून मी मान हलवायचे.

तुम्ही विसरला नव्हता, चाचा. पाइप होता. बाबांच्या रागाला मी भ्याले हे खरं, पण त्यानंतर तुम्ही सहा वर्षं होता आणि त्या दुकानावरून मी कितीदा गेले. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

हे पत्र तुमच्या मुलाला नेऊन द्यावं असं सकाळी मनात आलं होतं. अब्बा शेवटी विसरभोळे झाले होते, असं तो अजून सांगतो. पण मी देणार नाही, मला माझा स्वभाव ठाऊक आहे. काल त्या दुरुस्तीवाल्याने नळीतून चिंधीचा बोळा ओढून काढला आणि विचारलं, बाई, हा कोणी कोंबला? नळी ठिबकायची, वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी पडायचं, म्हणून मीच कोंबला होता. मी त्याला म्हटलं, ध्यानात नाही.