आईच्या मापाचा ओटा

पुणे
११ फेब्रुवारी २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अण्णा पोस्टात होते म्हणून आपल्या घरात महत्त्वाचं बोलणं कागदावरच होतं. तेव्हा फोन न करता लिहितो. महाडचं घर करायला घेतोय. एकवीसच्या पुरात खालच्या स्वयंपाकघरात माळ्यापर्यंत पाणी चढलं, आईच्या डब्यांतून चिखल निघाला. तो प्रकार पुन्हा नको. स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर नेतो. नवा जिना, मोठी खिडकी आणि ओटा आईच्या मापाचा.

जन्मभर ती उंच ओट्यापुढे पाटावर उभी राहून भाकऱ्या थापत आली, हे मला आता कुठे दिसलं. मास्तरीणबाई, तुमची शाळेतली फूटपट्टी घ्या आणि तिच्या कोपराची जमिनीपासूनची उंची कळवा. महिपत मिस्त्री म्हणतो, कोपराच्या पाच इंच खाली ओटा घेतला की खांदे भरत नाहीत. काम होईतो आईला पोलादपूरला तुझ्याकडे ठेव.

हिचा नमस्कार. तुझ्या फटकळ तोंडासकट लोभ असू दे.

तुझा,
सुधीर

पोलादपूर
१९ फेब्रुवारी २०२४

चि. सुधीरास,
अ. उ. आ.

फूटपट्टी अपुरी पडली, शिवणाची टेप आणली. कोपर पस्तीस इंचांवर, म्हणजे ओटा तीस. माप देताना आई शाळेच्या फोटोला उभं राहावं तशी ताठ उभी होती. तू तिला आणून दाखवलेला घराचा नकाशा तिने उशाखाली ठेवलाय. स्वयंपाकघर वर गेलेलं चालेल का, असं मी विचारलं. म्हणाली, सुधीरला बरं वाटेल तसं करू दे.

तीस इंचांच्या ओट्यावर बाकी सगळ्यांची कंबर मोडणार. तुझी बायको तर चांगली उंच. आत्ताच सांगून ठेवते, मग माझ्या नावाने खडे फोडू नका.

आणि एक. जिन्याच्या पायऱ्या जरा ठेंगण्या करता येतील का? वय झालं की बरं पडतं, एवढंच.

आहे ती माया वाढव, कमी करू नकोस.

तुझी ताई,
नूतन

पुणे
१६ सप्टेंबर २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वळण म्हणून लिहिलं, मनातून नाही.

काम संपून आई महाडला परतली. गौरी आणायच्या दिवशी तू सासरी होतीस, म्हणून काय झालं ते सांगतो. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत गौरीची पावलं काढायची ती आईनेच. रांगोळीची वाटी घेऊन ती जिन्यावर बसली आणि बसूनच एकेक पायरी चढली. आम्हाला वाटलं, पावलं सुबक यावीत म्हणून. वर ओट्यापुढे उभी राहिली, त्यावरून हात फिरवला. मग उतरायला गेली तर गुडघे वाकेनात. शेजारचे हैदरचाचा आणि मी, दोघांनी तिला खुर्चीत बसवून खाली आणलं. तिने काढलेली पावलं आमच्याच पायांखाली पुसली गेली.

डॉक्टर म्हणाले, गुडघे तीन वर्षांपूर्वीच गेलेत. गोळ्यांच्या पाकिटावर शिक्का पोलादपूरच्या दुकानाचा. म्हणजे तुला माहीत होतं. टेप लावून तू तिचं कोपर मोजलंस आणि गुडघ्यांबद्दल गप्प बसलीस. मी सतरा पायऱ्यांवर स्वयंपाकघर बांधेपर्यंत बघत राहिलीस.

आता खालचा मजला बिरवाडीच्या कारखान्यांतले कामगार खोल्या शोधतात, त्यांच्यापैकी कुणाला तरी भाड्याने देतो आणि आईला इकडे आणतो. लोभाचं पुढे बघू.

सुधीर

पोलादपूर
२३ सप्टेंबर २०२४

चि. सुधीर,
आशीर्वाद.

होय, माहीत होतं. पुराच्या दिवशी तिने तांदळाचे डबे वर चढवले. तिसऱ्या खेपेला जुन्या जिन्यावरून घसरली, तेव्हापासूनचं हे दुखणं. तिने मला अण्णांची शपथ घातली, ती तुझ्यामुळे. दर फोनला तू पुण्याला चल म्हणतोस आणि तुझ्या चौथ्या मजल्याची तिला धास्ती आहे. गुडघ्यांचं कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू गाडी पाठवली असतीस.

शपथ मोडवेना म्हणून मी पायऱ्यांचं विचारलं. फरशा कापून झाल्या, असं तू फोनवर सांगितलंस आणि ठेवून दिलास. का विचारतेस, एवढं जरी म्हणाला असतास तरी मी बोलले असते. तरीही बोलायला हवं होतं. त्याची मला लाज वाटते, रोज वाटते. पण तुझा राग आईच्या गुडघ्यांसाठी आहे की तुझ्या ओट्यासाठी, हे एकदा ठरव.

लोभ मागत नाही. तिला तिथून हलवू नकोस, एवढंच मागते.

नूतन

महाड
१० ऑक्टोबर २०२४

चि. सुधीर आणि चि. नूतन,
दोघांना आशीर्वाद.

हैदरची सून सलीमा लिहिते हाय, मी सांगते हाय. एकच पत्र, झेरॉक्स काढून दोघांना धाडते. कोणाला कमी-जास्ती नको.

भांडू नका. शपथ मी घातली, नूतनचा दोष नाय. सुधीरचा पण नाय. तो नकाशा घेऊन आला तेव्हा त्याचं तोंड बघून मला बोलवेना. तुमच्या अण्णांनी लुगडी घेतली, भांडी घेतली. पण माझं माप कधी कोणी घेतलं नव्हतं. वाटलं, घर होईतो गुडघं बरं होईल. त्या दिवशी ओट्यापुढं उभी राहिले, हात कसा बरोबर टेकला. मी म्हटलं, आपल्यासाठीच केलाय. परत काय वर गेले नाय.

पुण्याला मी येत नाय. भाडेकरू ठेवू नका. जिन्याखाली शेगडी मांडली हाय, बसून सगळं होतं.

दिवाळीला दोघं पोरांबाळांसकट या. सुनबायला ओटा बुटका पडेल, तिला म्हणावं स्टुलावर बसून कर. फराळ वरच करा. जेवायला पण वरच बसा, उजेड चांगला हाय. माझं ताट तेवढं खाली धाडा.

माया हाय ती असू दे. पण आता माझं माप घेऊ नका.

तुमची आई,
चिमाबाई