पुतण्याचा कागद मी वाचला होता

बाबा, तुमचा गुडघा तिकडे तरी दुखत नसेल ना? मायचा दमा कसा आहे? आत्या अजून जेवणानंतर ओवा चावते का? इकडे माझं बीपी गोळीवर आहे, तुमच्या सूनबाईची कंबर बरी आहे. धाकट्याची तब्येत मात्र पार उतरली. त्याच्यासाठीच लिहायला बसलो.

तुम्ही त्याला अमरावतीच्या कॉलेजात घातलं आणि मला अकोल्यात शिलाई मशीनवर बसवलं. कापडाभोवती गुंडाळून आलेले पेपर उलगडून मी वाचायला शिकलो. मग तुम्हीच नियम केलात, घरात कोणताही कागद आला की आधी मोठ्याला दाखवायचा. कॉलेजवाल्यालाही तो लागू होता. तेवढाच मान माझ्या वाट्याला आला, म्हणून मी तो जिवापाड जपला.

गेल्या दिवाळीआधी धाकटा पेढे आणि मुलाच्या नोकरीचं पत्र घेऊन दुकानात आला. थायलंड, कॉम्प्युटरवर टायपिंग, राहणं-खाणं फुकट. व्हिसा मात्र पर्यटकाचा. अशा टोळ्यांविषयी मी पेपरात वाचलं होतं. पोरांना नदीपलीकडे ब्रह्मदेशात नेतात, कुंपणात कोंडतात, मारून-मारून जगभरातल्या लोकांना फोनवर लुबाडायला लावतात. माझं बोट व्हिसाच्या ओळीवर थांबलं.

"दादा, कावून गप झाला? तुह्या पोराचा ऑटो अकोल्यातच फिरून राह्यला म्हणून का?" धाकटा हसत म्हणाला.

"चांगलं हाये. जाऊ दे त्याले," मी म्हणालो. पेढाही खाल्ला.

आता धाकट्याचा पोरगा तसल्याच कुंपणात अडकला आहे. टोळीचे मालक तिसऱ्याच देशाचे, पहाऱ्यावर तिथल्या डोंगरातले बंदूकवाले. ब्रह्मदेश म्हणतो तो भाग आमच्या हातात नाही, थायलंड म्हणतो नदीपलीकडे आमची हद्द नाही. शेजारच्या बड्या देशाने डोळे वटारले की दोन-चार फाटकं उघडतात, त्याची माणसं सुटतात, आणि टोळी बिऱ्हाड उचलून पुढच्या खोऱ्यात जाते. आपले साहेब लोक पत्रावर पत्र धाडतात.

"दादा, हे गुंड हायेत का सरकार?" धाकटा विचारतो.

"एकमेकाच्या आसऱ्यानं जगून राह्यले रे दोघंबी," मी सांगतो.

आणि बाबा, तरीही मी जळतो. पुढारी त्याच्या ओट्यावर चहा पिऊन जातात, वलगावचे सोयरे डबे आणतात. तीन-तीन देश त्याच्या मुलावरून बोलतात. माझ्या मुलाला ऑटो स्टँडपलीकडे कोणी ओळखत नाही. हे मनात आलं की शिवण वाकडी जाते, उसवून पुन्हा घालावी लागते.

काल दूतावासासाठी अर्ज लिहिला. धाकटा म्हणतो कागदाचं काम मोठ्याचं, म्हणून अर्ज मीच लिहितो. तो शेजारी बसून सांगत होता, "लिही दादा, घरच्यायले काईच कल्पना नव्हती." ती ओळ मी सुवाच्य अक्षरात लिहिली. खाली साक्षीदार म्हणून सहीसुद्धा माझीच.

अर्ज दिल्लीला गेला. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला ठाऊक नाही, म्हणून मशीनच्या खणातच राहील. कल्पना होती, बाबा. मला एकट्याला होती. धाकट्याला सांगू का नको, तेवढं जमलं तर लवकर लिहून कळवा.