ओठाला लावलेला प्याला

इचलकरंजी, ५ मार्च २००१

प्रिय दादास, प्रभूत सलाम.

मी बरा हाय. मागाचा धोटा लागून उजव्या हाताची दोन बोटं चेचली, पण डॉक्टर म्हणतात, ऱ्हातील. आईला सांगू नको. वहिनींचा गुडघा कसा हाय?

बाबांच्या मातीला उशिरा आलो म्हणून तू चारचौघांत बोललास, तवापासनं आपलं बोलणं न्हाय. भावाशी समेट नसंल तर प्रभुभोजनाचा प्याला न पिता पुढं द्यायचा, हे बाबांनीच शिकवलेलं. तीन वर्षं मी तो पुढंच देतोय.

काल चर्चमधी पाळकसाहेबांना वाटलं, पट्टीमुळं मला प्याला धरता येत न्हाय. त्यांनी सरळ माझ्या ओठाला लावला. भर मंडळीत काय बोलणार? प्यालो की.

लई थकलोय दादा. माझीच बोटं कशाला, म्हणून देवाला रोज विचारत होतो. कालपासनं विचारत न्हाय.

मालकानं सुट्टी दिली न्हाय, असं तुला सांगितलेलं. ते खोटं हाय. मी मागितलीच न्हवती. बाबांचं तसलं तोंड बघायचं धाडस झालं न्हाय.

आधी प्यालोय, माफी मागनं मागतोय. हे डाव्या हातानं लिवलंय. अक्षर वळखू आलं न्हाय तरी मीच हाय.

तुझा धाकटा,
शांतवन