घंटा, उंदीर आणि माझ्या किल्ल्या

बुध. २ डिसेंबर १९९८, बारामती

काल भरल्या वर्गासमोर मी सुमनला गप्प बसवलं, आणि बहुधा बरोबर तीच होती. कुणाजवळ बोलता येत नाही म्हणून लिहिते.

भावाची मुलगी. अकरावीपासून बी.एस्सी.पर्यंत माझ्याकडे राहून शिकली. आता बंगलोरला उंदरांच्या मेंदूवर संशोधन करते. सुट्टीवर आली म्हणून माझ्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या मुलांसाठी तिच्या कामावर व्याख्यान ठेवलं. तिचं नाही, माझं. तिला चारचौघांत बोलता येत नाही, हे मीच ठरवलं. तिला पहिल्या बाकावर बसवलं.

सुरुवात ठीक. घंटा वाजवायची, लगेच उंदराच्या पायाला हलका झटका. पुढे नुसत्या घंटेनेही उंदीर जागच्या जागी थिजतो. त्याच्या कपाळामागच्या मेंदूत बारीक तार बसवून तिथल्या पेशींचा आवाज सु.ने कॅसेटवर आणलाय. लाह्या फुटल्यासारखा. घंटा झाली की काही पेशी तडतडतात, काही उलट गप्प होतात. मुलं खूश.

मग मी म्हणाले, झटका न देता घंटा वाजवत राहिलं की भीती पुसली जाते. पाटी कोरी.

सु.ने हात वर केला. "आत्या, पुसली जात नाही. खाली असतेच. वर नवीन शिकणं बसतं, आणि त्यात बहुतेक याच पेशी..."

मी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आपटला. वर्ग गप्प करायची माझी रीत.

वाक्य तिथंच तुटलं. हात अर्धवट वर, मान खाली. मुलं बघत होती. मी पुढचा मुद्दा घेतला.

गुरु. ३

तिने दिलेला लेख आज वाचला. व्याख्यानाआधी वाचायचा होता. तीच बरोबर.

शनिवारपर्यंत माझ्याकडे राहणार होती. मंगळवारीच कळंबला, भावाकडे निघून गेली. कॅसेट टेपमध्येच राहिली.

प्रॅक्टिकलला मुलं बोलत होती. जुडगा टेबलावर नुसता ठेवला. आपटला नाही. तरी सगळी चिडीचूप. एकीचा चिमटा बशीवर तसाच धरलेला. याला मी शिस्त म्हणत आले.

शनि. ५

कळंबला जाऊन आले. भावाने दारातच विचारलं, "आक्का, पोरगी आल्यापास्नं गप हाय. काय झालं तितं?" मी चपला काढून आत गेले.

तोच मग चहावर, "आमच्या आज्यानं मेंढरं राखली, ही उंदरं राखती. वर शॉक द्यायचे पैसे मिळत्यात म्हनं! हितं हिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर फुकट शॉक देतो, आमाला न्हाय कोन पदवी देत."

सु. हसली. मी रुमाल काढायला पर्समध्ये हात घातला. किल्ल्या खुळखुळल्या. तिचं हसू गेलं. भावाने पाहिलं. "आसं हाय व्हय," म्हणाला आणि कप घेऊन आत गेला.

चूक माझी, एवढं म्हणायला गेले होते. तोंडून निघालं, "सोमवारी तू बोल. अकराला. वेळेवर ये."

"त्या टेबलापाशी नाही जमायचं, आत्या. पुढल्या महिन्यात परीक्षकांसमोर हेच सांगायचंय. तिथंही असंच झालं तर..."

आधी तिला ही धास्ती नव्हती.

सोम. ७

आली. भावाने मोटारसायकलवरून आणून सोडलं.

मुलांना आधी मीच सांगितलं. मंगळवारी मी चुकीचं शिकवलं. सुमन बरोबर होती, मी तिला बोलू दिलं नाही. मागे कुणीतरी खोकलं. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

सुरुवातीला कागदात बघून, हळू बोलली. कॅसेट लावल्यावर आवाज जरा मोकळा झाला. एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग उंदीर परत कधीच भीत नाही?"

"भितो. जागा बदलली की, मधे बरेच दिवस गेले की. हे सगळं कसं होतं ते आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही."

हे बोलताना तिची नजर टेबलाच्या कोपऱ्यावर गेली. मी जुडगा ठेवते त्या जागी. मग माझ्याकडे. पण वाक्य पुरं केलं.

परीक्षकांसमोर कसं होईल, तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आज दिलं ते:
टेबल, खडू आणि कॅसेट सु.ला.
जुडगा आमच्या शिपायांना, महादूमामांना. "बाई, ह्ये कशापायी?" "ठेवा तुमच्याकडे. कपाट तुम्हीच उघडत जा."
कबुली वर्गापुढे, तीही चुकीची दुरुस्ती म्हणून. तिची एकटीची माफी मागायची राहिली. भाऊ गाडी चालू करून उभा होता.