पुलावर अडवलेलं सरपण

रडयार्ड, मिशिगन
२६ जून २००६

चि. सायमीला ताईचे पोटभर आशीर्वाद.

यंदा युहान्नुसच्या मध्यउन्हाळी सणाला सगळ्यांच्या आधी कोण उगवलं असेल? मार्ज! तोंड फुगवून. आपला ओन्नी ट्रकमध्येच बसलेला. मी म्हटलं, नवराबायको वाटेत भांडलात की काय? तर म्हणे, आमचं नाही हो वन्सं, तुमच्या नातीशी वाजलं!

तुला माहीतच आहे, रायलीला यंदा पुलाच्या नाक्यावर नोकरी लागली. दक्षिणेकडून कुणी सरपण आणलं की उतरवून घ्यायचं. तिकडे ॲशची झाडं पोखरणारा हिरवा किडा सुटलाय, तो लाकडात बसून पूल ओलांडतो. आणि आपल्या ओन्नीने काय आणावं? ट्रकभर ॲशच! युहान्नुसला सौनाच्या खोलीत वाफ करायला पाहुण्याने लाकडं आणायची, ही बाबांची रीत. बिचाऱ्याने परसातलं झाड फोडून आणलं.

रायलीने अडवलं. हा म्हणे, अगं शेंबडे, तुझी दुपटी धुतलीत मी! ती म्हणे, मामाआजोबा, धुतली असतील, पण आधी खाली उतरा. सगळी लाकडं उतरवून घेतली गं! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. बाबांनी रान तोडताना राखलेली सौनामागची ॲशची रांग आठव. तिला किडा लागला तर नुसते खराटे उरतील.

पण ओन्नी सौनात पाऊल ठेवीना. युहान्नुसला! वेलदोड्याचा पाव केला होता, काय फुगला होता म्हणून सांगू, तोही शिवला नाही. सकाळी निघाला, म्हणाला, आता या दारात येणार नाही. मी मात्र पोरीला शाबासकीच दिली. बरोबर ना?

तुझी ताई, लेम्पी

डुलुथ
१ जुलै

ती. ताईस सा. न.

बरोबर कसलं डोंबलाचं! आई असती तर तुझे कान उपटले असते. दादाने एवढ्या लांबून प्रेमाने आणलेली लाकडं नाक्यावर टाकायची? तो किडा पाहिलाय कुणी? पोरीला माफी मागायला लाव. एकच भाऊ आहे आपल्याला.

पाव एवढा कसा फुगला ते कळव. माया आहेच, रागही आहे.

तुझी सायमी

रडयार्ड
८ जुलै

चि. सायमे, आशीर्वाद आधी घे, मग ऐक.

काल ओन्नीचाच फोन. परतताना तो लाकडं मागायला नाक्यावर थांबला होता म्हणे, भांडायच्या तयारीनेच. रायलीने त्याच्याच ओंडक्याची साल सोलून पुढे धरली. आत नागमोडी बोगदेच बोगदे, आणि एका भोकातून हिरवा किडा डोकं काढत होता, काचेच्या मण्यासारखा. परसातली झाडं शेंड्याकडून वाळताना हा पावसाला शिव्या देत होता गं! मला म्हणाला, ताई, बाबांची झाडं मीच मारायला निघालो होतो. इतके दिवस फोन करायला तोंड नव्हतं म्हणे.

नाक्यावर तेवढ्यात दक्षिणेकडून आलेला एक ट्रकवाला रायलीशी सरपणावरून हुज्जत घालायला लागला, तर हाच त्याच्यावर खेकसला, ए, गुमान उतरव, माझी नात सांगतेय! सायमे, माझी नात म्हणाला गं. मी फोन ठेवून शेजारीपाजारी सांगत सुटले. पाव राहिलाच, पुढच्या पत्रात. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई, लेम्पी

ता. क. लाकडं माझ्या कोठारातली, फोडायला ओन्नी. राहिलेल्या सौनाला तो आणि रायली दोघंही यायचं कबूल करून बसलेत, शनिवार, २ सप्टेंबर.