शतावरीचा डबा

मुळशी, दि. २ डिसेंबर २०२४

सौ. शुभांगी हिस,

सप्रेम आशीर्वाद. येथील सर्व क्षेम. त्यातील ‘सर्व’ या शब्दाविषयी पुढे लिहितो. क्षितिजा व तिची पंधरा दिवसांची कन्या कुशल आहेत, हे वाक्य बुधवारपासून मी तुझ्याकडून रोज चारदा वदवून घेत आहे. त्याचे कारण फोनवर सांगण्याचे धैर्य झाले नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

बाळंतिणीस दूध यावे म्हणून मंगळवारी जावईबापू कौस्तुभ यांच्या हाती मी शतावरीचे चूर्ण पाठवले. बुधवारी पहाटे फोन करून ‘त्यात पाल पडली होती, डबा फेकून दे’ असे सांगितले.

शुभांगी, पाल पडली नव्हती.

दरवर्षी आपल्याला मुळे खणून देणारी धोंडाबाई मेंढरांमागे दूर गेली होती. वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकाने तिची प्रतीक्षा करावी, हे मला अपमानास्पद वाटले. रानात वेल वाळलेले, पाने झडलेली. मी खणले ते विषारी कळलावीचे कंद. नांगरासारख्या आकारामुळे संस्कृतात हिला ‘लांगली’ म्हणतात, असे मी वीस वर्षे शिकवीत आलो. शेतकऱ्याच्या पोटी जन्मून नांगर ओळखला नाही.

औषध देणाऱ्याने आदल्या रात्री ते स्वतः घ्यावे, हा धोंडाबाईचा नेम मी निष्ठेने पाळला. केवळ क्रम उलटा. डबा सकाळी रवाना झाला, मी चमचाभर रात्री घेतले.

रात्रभर वांत्या. पहाटे परतलेली धोंडाबाई दारात आली, उरलेला कंद उचलून म्हणाली, “मास्तर, ही कळलावी हाय. लेकीला धाडली न्हाई न्हवं?”

“धाडली.”

“मग पडून काय ऱ्हायलाय? आदी फोन लावा. वकायचं मागनं वका.”

तू उत्तरलीस, “डबा बांधलेलाच आहे. धोंडाबाईला विचारल्याशिवाय तुमचं औषध मी कुणाला देते का?” आपल्या सहजीवनात इतका सुखद अपमान माझ्या वाट्याला कधी आला नव्हता. मी जमिनीवर बसून रडलो.

त्यानंतर तुला सांगितलेले माझे दोन दिवसांचे ‘शालेय शिबिर’ म्हणजे रुग्णालय. शिबिरार्थी एकटा मी, आणि उशाशी सलाइन. आता धोका टळला आहे. काल मऊ भात पचला.

शनिवारी बावधनला येतो. क्षितिजाला हे मीच सांगेन; तू आधी सांगू नकोस. ऐकून तिने नात माझ्या हाती दिली तर घेईन, न दिली तर दुरून पाहीन. दुरून पाहायला ती आहे, एवढे मला पुरे आहे.

तुझ्या अविश्वासाचा आजन्म ऋणी,
एकनाथ