भिंतीतला तिरका झरोका

प्रिय क्लेमंट,

काल माझं ॲम्ब्रोजशी लग्न झालं, आपल्या गावच्या चर्चमध्येच. युद्धात चेहरा भाजल्यापासून बाबा तिथल्या बाजूच्या दालनात, जाड भिंतीआड बसतात. त्या भिंतीत जुन्या गवंड्यांनी एक तिरका झरोका ठेवलाय. त्यातून फक्त वेदी दिसते, आणि पलीकडे बसलेला माणूस कुणालाच दिसत नाही. कॅनडाला जाताना तू म्हणाला होतास, “त्यांना तिथेच बसू दे, लोक बिचकतात.”

लग्नातही ते तिथेच बसले. मला वेदीपर्यंत काकांनी नेलं. पाद्रीबाबांनी विचारलं, “ही मुलगी कोण देतंय?” काका बोलणार, एवढ्यात झरोक्यातून आवाज आला, “मी देतोय. जरा थांबा, वळसा घालून यावं लागतं.”

सगळे थांबले. खांबामागून बाबा हळूहळू उजेडात आले. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्या मिसेस पेलिंग सरकून म्हणाल्या, “नंतर इथं बसा हो, जागा आहे.” बाबांनी माझा हात ॲम्ब्रोजच्या हातात दिला. मग ते सगळ्यांमध्ये बसले, शेवटपर्यंत.

रात्री मी तुला लिहायला घेतलं, तर बाबा म्हणाले, “क्लेमंटला यातलं काही कळवू नकोस. त्याला वाईट वाटेल.”

म्हणून हे पत्र माझ्यापाशीच राहणार.

तुझी बहीण,
हेस्टर